अठरा शुक्रवार

२१ ऑक्टोबर १९७४, सोमवार

थांब, ब्रुना. आता तू बोलायचं नाहीस. सकाळी जिन्यात उभी राहून तू इतकं बोललीस की वरच्या मजल्यावरची म्हातारी खुर्ची घेऊन दारात बसली, आणि माझी पाळी आली तेव्हा तू दार आपटलंस. सख्खी बहीण असून! म्हणून ही वही. भांडण मी इथे पुरं करणार, रोज थोडं थोडं. नाताळात घरी आले की वही तुझ्या हातात देईन आणि तू ती वाचशील, मध्ये एक अक्षर न बोलता.

तर तुझं म्हणणं काय, की खाजणात कोण जातं नोकरीला. मी जाते. दवाखान्यातून काढलेल्या नर्सला शहरात दारात तरी कोण उभं करतंय? आणि का काढलं? तर मी एका बाईला सांगितलं, की तुमच्या नवऱ्याच्या पोटात ऑपरेशनच्या वेळी कापसाचा बोळा राहून गेला होता. खरं होतं ते. तू म्हणतेस, खरं असेल गं देर्ना, पण तुला कोणी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं. बरं, इथे बोलायला माणसंच नाहीत. खूश?

पोचले मी मस्त. कोमाक्योच्या पुलाखाली लेआर्को मोटरची होडी घेऊन उभा होता. मला नोकरीला ठेवणाऱ्या सिन्योरा झेलिंदाचा मुलगा, तिशीचा, रुंद, केस तेल लावून बसवलेले. त्यांच्या खाजणाचा राखणदार तोच. माझी बॅग एका बोटाने उचलली आणि म्हणाला, एवढीशी नर्स पाठवली होय, वारा सुटला की दगड बांधून फिरावं लागेल तुम्हाला डॉक्टरीणबाई. मी म्हटलं, दगड कशाला, तुमचा हात धरीन की. मोठ्याने हसला. दात छान आहेत. (हे वाचून तू डोळे फिरवशील. फिरव.)

घर म्हणजे बांधावर उभी एक लांबलचक लाल विटांची इमारत. चारी बाजूंना पाणी, राखाडी, सपाट, कुठे संपतं कळत नाही. सिन्योरा दारातच होती. बुटकी, साठीची, काळे कपडे, हातांना शिरक्याचा वास. माझे गाल दोन्ही हातांनी धरून तिने मला प्रकाशाकडे वळवलं, जसं बाजारात भोपळा बघतात तसं, आणि म्हणाली, हाडं बारीक आहेत पण डोळे जागे आहेत, चालेल. मग मक्याचा पोलेंता आणि भाजलेली वाम. इतकी चविष्ट वाम मी जन्मात खाल्ली नाही. तीन तुकडे खाल्ले.

पेशंट खालच्या खोलीत आहे, पूर्वी मीठ ठेवायचे तिथे. सिन्योराच्या नवऱ्याचा लांबचा भाऊबंद म्हणे. होडीच्या दोरात पाय अडकले, तोंडावर आपटला, तेव्हापासून बोलत नाही. झोपला होता म्हणून नुसता दारातून बघितला. सिन्योराने माझं मनगट धरलं आणि सांगितलं, पोरी, हा नाताळपर्यंत जगला पाहिजे. हेच तिने तीनदा सांगितलं. लांबच्या भाऊबंदासाठी इतका जीव कोण टाकतं, सांग? आपल्या आजोबांच्या वेळी तू आणि मी पाळ्यांवरून भांडत होतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज नीट तपासलं त्याला. चाळिशीच्या आतला. पायाला ताकद नाही, दोन्ही टाचांच्या वरच्या शिरा तुटल्यात. दोर आवळला तर होऊ शकतं असं. जीभ अर्धी नाही. पडताना दाताखाली सापडली तर हेही होऊ शकतं. पाठीवर आणि डाव्या खांद्यावर गोल भोकं आहेत. पेन्सिलएवढी. नऊ. पहिली पार भरून आलेली, शेवटचं पाच-सहा दिवसांचं. एकाचं वय दुसऱ्याहून आठवडाभराने कमी. सिन्योरा म्हणाली, रक्त खराब आहे त्याचं, गळवं येतात.

गळवं अशी येत नाहीत. मी काही बोलले नाही. बघ, सुधारतेय मी.

तो माझ्याकडे बघत नाही. हात मात्र लोखंडासारखे आहेत. मी कूस बदलायला लागले की स्वतःच हातांवर उचलून घेतो.

दुपारी सिन्योराने मला कापायच्या ओट्यावर घेतलं, म्हणाली बसून राहिलीस तर गंज चढेल. डाव्या हाताने राखेत घोळलेली वाम धरायची, कुऱ्हाडीने मुंडकं, मग शेपूट, मग बोटभर लांबीचे तुकडे, आणि तुकडे सळईवर ओवायचे. तुकडे सळईवरसुद्धा वळवळत असतात. मी किंचाळले तर लेआर्को भिंतीला टेकून हसत सुटला. म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुमच्याकडे मेलेला माणूस निजतो, आमच्याकडे मेलेली वाम नाचते.

कालवा खालून घराला लागून जातो आणि तिथे मारोत्ता आहे. म्हणजे होडीच्या आकाराचा मोठा लाकडी पेटारा, अंगभर भोकं पाडलेला, साखळ्यांनी पाण्यात अर्धा बुडवलेला, वर झाकण. पकडलेले मासे त्यात जिवंत ठेवतात, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत. खायला काही घालत नाहीत. सिन्योरा म्हणते, वाम स्वतःलाच आतून खात राहते, त्याने मांस स्वच्छ होतं. मात्र मरू द्यायची नाही, मेलेल्या वामेला कुत्रं विचारत नाही. रोज सकाळी ती झाकण उघडून हात घालून बघते. मीही घातला. ब्रुना, शेकडो. एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की हाताला एकच काहीतरी लागतं. जिवंत आणि गार.

स्वयंपाकघरात काळी फीत लावलेला एका मुलीचा फोटो आहे. ईव्होन. सिन्योराची मुलगी, एकोणीस वर्षांची. गेल्या नोव्हेंबरात बांधावर कोणीतरी मारलं तिला. लेआर्कोने सांगितलं, फोटोकडे न बघता. मासे मारायच्या बरचीने, तीन घाव. पोलीस आले, वाइन प्यायले, गेले.

तो ज्या भिंतीपाशी उभा होता तिच्यावर बरच्याच बरच्या टांगल्यात. चोरून मासे मारणाऱ्यांकडून त्याने हिसकावलेल्या. प्रत्येकीच्या दांड्याच्या टोकाला तो तापलेल्या लोखंडाने नंबर डागतो. मोठ्या प्रेमाने दाखवत होता. प्रत्येक बरचीचे दाते वेगळे, लोहार माणसाचा हात बघून बनवतो. चोर आपली बरची सख्ख्या भावालासुद्धा देत नाही. पकडला गेला की तुरुंगाचं काही वाटत नाही त्याला, बरची गेली म्हणून रडतो. इथे बरची बघून माणूस ओळखतात, म्हणाला, चेहरा बघून नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार



जेवणानंतर मी पट्ट्या उकळत होते. खालून आवाज आला. ओरडणं नाही, जीभ नसलेल्या माणसाचा आवाज. मी धावले. लेआर्को त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला होता. सिन्योराच्या हातात भाजायची सळई होती, टोक लाल. ती खांद्याखाली बोटाने जागा मोजत होती, शिंपीण मापं घेते तशी. मग तिने सळई आत घातली. हळू. पूर्ण अंगठाभर. मांस चर्रर्र वाजलं. वास कुठला आला सांगू? जेवणाचाच.

मी तिच्यावर धावले. लेआर्कोने एका हाताने मला भिंतीवर फेकलं. सिन्योराने सळई पुसली, माझ्या डोक्याला लागलंय का ते बघितलं आणि म्हणाली, आता तुझं काम.

मी पट्टी बांधली. काय करणार होते?

नंतर ती माझ्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं, जसं लोणचं घालायची कृती सांगावी. ईव्होनच्या अंगावर अठरा भोकं होती. बरची सात दात्यांची, तिसरा दाता तुटका, म्हणजे एका घावात सहा. तीन घाव. या ऑगस्टमध्ये पाणी उतरलं तेव्हा बोरूच्या बेटात ती बरची सापडली. लोहाराने बघताक्षणी सांगितलं, ही नुल्लोची. नुल्लो म्हणजे हा. भाऊबंद वगैरे कोणी नाही, मासेचोर. लेआर्कोने त्याला आणला, टाचा कापल्या, आणि हा ईव्होनचं नाव घ्यायला लागला म्हणून जीभही. लेआर्को म्हणत होता, माम्मा, संपवू आत्ताच. आईने नाही म्हटलं. आईने हिशेब लावला. दर शुक्रवारी एक भोक, अठरा शुक्रवार, शेवटचा वीस डिसेंबर. आणि चोवीसला, नाताळच्या आदल्या दिवशी, मारोत्ता उघडतात त्या वेळी, मुंडकं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याला ताप चढला आणि तो मरायला टेकला. म्हणून मी. ब्रुना, म्हणून मला बोलावलं. मेलेल्या वामेला कुत्रं विचारत नाही.

मी म्हटलं, पोलिसांकडे जाते. म्हणाली, जा की. होडीच्या साखळीची चावी लेआर्कोकडे आहे, पोहता येत असेल तर पोह. आणि तू गेलीस तर उद्या त्याची भोकं कोण धुणार? आठवड्यात मरेल तो. ठरव तुझं तू.

२७ ऑक्टोबर, रविवार

पोहायचा प्रयत्न केला. चिखल मांडीपर्यंत. लेआर्कोने केसांना धरून बाहेर काढलं, खांद्यावर टाकून घरी आणलं, वाटेत शीळ घालत होता. सिन्योराने गरम वाइन दिली, पाय चोळले. पोरी, न्यूमोनिया झाला म्हणजे, म्हणाली.

नुल्लोचा ताप उतरलाय. माझ्यामुळे.

मी ठरवलंय. याला जिवंत बाहेर काढायचं. चोवीस डिसेंबरच्या आत. खुनी असला तरी. माझ्या हाताखालचा माणूस कापायला द्यायचा नाही, बस.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरावं. मणक्याशेजारी. या वेळी मला दिवा धरायला लावला.

तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच.

६ नोव्हेंबर, बुधवार

लेआर्को आज गोड बोलायला आला. सफरचंद आणलं, स्वतःच्या चाकूने सोलून दिलं. म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुमच्या पेटीत मॉर्फिन असेलच की. जरा जास्त द्या त्याला. सुटेल बिचारा. माम्माला सांगू, रक्त खराब होतं. मी तुम्हाला होडीने थेट पुलापर्यंत सोडतो.

मला वाटलं, याला तरी दया आहे. खरंच वाटलं. सफरचंद खाल्लं मी.

मग म्हटलं, त्यापेक्षा दोघांनाही सोड. चेहरा असा बंद झाला त्याचा, झाकण पडावं तसा. माझ्या हातावर चाकू पुसला, सपाट बाजूने, आणि गेला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बारावं.

लेआर्कोने मुद्दाम धक्का दिला, सळई फुप्फुसाकडे सरकली. सिन्योराने त्याच्या थोबाडीत मारली, एवढ्या मोठ्या बाप्याच्या. म्हणाली, धसमुसळ्या, एवढी घाई कसली तुला?

मीही तेच विचारत बसलेय तेव्हापासून. घाई कसली त्याला?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तेरावं. आवाज नाही केला नुल्लोने. ओठ चावून फाडला. चार टाके.

सिन्योरा आजकाल मला ईव्होनच्या गोष्टी सांगते. लहानपणी गाणं म्हणत वामेला नाचवायची म्हणे. सांगताना हसते. हसताना हात तसेच चालू, कुऱ्हाड, मुंडकं, कुऱ्हाड, शेपूट. आणि मी ऐकते. मला ती बाई आवडते, ब्रुना. हे लिहिताना मलाच माझी किळस—

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वही त्याच्या उशाशी ठेवली होती, पट्टी बांधताना. त्याने पेन्सिल उचलली.

सगळ्यांना वाटतं त्याला लिहिता येत नाही. तुरुंगात शिकला. पुढचं त्याचं आहे, बघ, कसं अक्षर आहे:

*बरची माझी. मारलं मी नाही.*

*लेआर्कोने माझी बरची घेतली. तिला मारलं त्याच्या तीन दिवस आधी. पाण्यावर पकडलं मला. होडीत टाकली त्याने.*

*ईव्होन माझी. लग्न करणार होतो. घरात माहीत नव्हतं. ती बरची परत आणते म्हणाली. मी बांधाच्या पलीकडे थांबलो. आली नाही.*

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस कोणाला? त्याने पेन्सिल परत उचलली. मग:

*चोराचं कोण ऐकतं. नंतर जीभ*

तेवढंच.

२० नोव्हेंबर, बुधवार

लेआर्को बांधावर गेल्यावर भिंतीपाशी गेले. एकेक दांडा वळवून बघितला.

एक ते अठरा. मग वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

एकोणीस नाही.

आणि नुल्लोची बरची, तुटक्या दात्याची, सिन्योराने फोटोखाली ठेवलीय. तिचा दांडा इतरांपेक्षा हातभर आखूड. टोक करवतीने कापलेलं. जिथे तो डागतो तिथूनच.

चोर स्वतःची बरची कापेल? आणि एवढ्या दिवसांत हे कोणाला दिसलं नाही. सिन्योराला नाही, लोहाराला नाही. कारण बरची नुल्लोची म्हणजे हात नुल्लोचा. दुसऱ्या कोणाच्या हातात ती असू शकते हे इथल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या आलं, कारण मी बाहेरची.

लेआर्कोला ठाऊक होतं ते डोक्यात येत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी, ओट्यावर. तो मोटर दुरुस्त करत होता. मी वही तिच्यासमोर धरली. ती ओठ हलवत वाचते. दोनदा वाचलं. मग हात धुतले, भिंतीपाशी गेली, दांडे वळवले. अठरा. वीस. फोटोखालची बरची घेतली, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

परत आली आणि कुऱ्हाड उचलली. मुंडकं. शेपूट. म्हणाली, मीठ संपलंय, लेआर्कोला सांगायला हवं.

एवढंच. ब्रुना, एवढंच!

आणि जेवणानंतर— सळई तापवली. मी तिच्या पायाशी बसले, पाय धरले, कानात सांगितलं, तो नाही सिन्योरा, तो नाही. तिने मला पायाने बाजूला केलं. लेआर्कोने गुडघा दिला. चौदावं. तिचा हात हलला नाही. मोजून, अंगठाभर, तितकंच.

नुल्लोने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलंय हे त्याला माहीत होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सिन्योराने झोपेचे थेंब मागितले. डोळा लागत नाही म्हणाली. बाटलीच दिली.

किती घेतले तर चालतात, विचारलं. मी सांगितलं. आणि लेआर्कोएवढ्या माणसाला?

तेही सांगितलं मी.

सांगितलं. बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले. तिने गाल थोपटला माझा. जागे डोळे, म्हणाली.

आता मी त्याला सावध करू शकते. तो समोरच होता, जाळं विणत, मला हाक मारली, काय डॉक्टरीणबाई, भूत बघितलंत काय?

काही नाही म्हटलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी.

लेआर्को नाश्त्याला खाली कोसळला, वाडग्यातच.

तिने आणि मी— नाही. खरं लिही, देर्ना. तिने सांगितलं पाय धर आणि मी पाय धरले. ओट्यावर घेतला. दोरांनी बांधला. टाचांच्या शिरा तिने एकेका फटक्यात. त्याने तो जागा झाला.

माम्मा, माम्मा. हेच आधी. मग तिने कापलेला दांडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

मग कबूल केलं. ओरडून, शिव्या देत. ईव्होनने होडीतून बरची काढली, चोराला द्यायला निघाली. राखणदाराची बहीण! बांधावर अडवलं, परत फिर म्हटलं. ती हसली. म्हणाली, तू सगळ्या जन्मात एवढंच केलंस, लोकांचे हात गोळा केलेस. त्याने तिच्या हातातून ओढली. पहिला घाव आठवत नाही म्हणाला. बाकीचे दोन आठवतात.

सिन्योराने एकच विचारलं. ती कितव्याला गेली?

तिसऱ्याला, माम्मा.

म्हणजे बारा भोकं होईपर्यंत जिवंत होती, म्हणाली. आणि चूल फुंकायला वाकली.

दुपारी.

नुल्लोला वर आणलं. हातांवर सरपटत आला तो, पायऱ्या चढून. सिन्योरा त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली, त्याचे हात हातात घेतले. जावई, म्हणाली त्याला. पोरा, माझ्या पोरीचा माणूस तू. मग सळई त्याच्या हातात दिली.

मी म्हटलं, नुल्लो, नको. होडीची चावी माझ्याकडे आहे, त्याच्या खिशातून काढलीय. चल. आत्ता. तू सुटलास.

ऐकलं त्याने. नीट ऐकलं.

सळई घेतली.

पहिलं भोक. अंगठाभर. तो सिन्योरापेक्षा हळू आहे.

ती बोटांवर मोजत होती. आजपासून अठरा शुक्रवार. शेवटचा गुड फ्रायडेला येतो, म्हणाली. बघ पोरी, देवानेच लावून ठेवलंय. पुढची सतरा नुल्लो घालेल, मी जागा मोजून देईन. आणि तू जगवायचंस. ईस्टरपर्यंत. याला जगवलंस ना, तसंच.

मी नाही म्हटलं.

म्हणाली, नाही कसं? सुरुवात तू केलीस.

त्यानंतर.

मारोत्त्यात घातलाय लेआर्कोला.

वामांमध्ये. झाकण लावून. पाणी छातीच्या वर, तोंड फळ्यांना लागलेलं. संध्याकाळी काढू म्हणते. मी सांगितलं, सिन्योरा, पाण्यावर सकाळी बर्फाची साय होती, रक्त गेलंय, दोन तास, फार तर अडीच. म्हणाली, माझे मासे तीन महिने राहतात.

माणूस आहे तो, सिन्योरा.

म्हणाली, कोण?

एक तास झाला.

सिन्योरा आणि नुल्लो जेवतायत. मला इथून दिसतंय. ती दोऱ्याने पोलेंता कापून त्याच्या ताटात वाढतेय. तो हातात बळ आल्यासारखा खातोय. हसतोय का? जीभ नसलेल्या तोंडाने—

खालून ठोकतोय तो. फळीवर. डोक्याने असावं, हात बांधलेत. आधी भरभर होतं. आता एक. मग थांबून एक.

नावं घेतोय. आधी माम्मा. आता माझं. देर्ना म्हणतोय, डॉक्टरीणबाई नाही.

दीड तास.

चावी माझ्या मुठीत आहे. होडी मारोत्त्याच्या शेजारीच बांधलीय. मी उतरून बसले तर वीस मिनिटांत पूल. नुल्लोसाठी थांबायचं कारण उरलं नाही. त्याला कुठे यायचंय? दुसऱ्या कोणासाठी थांबायचं कारण—

सिन्योराने आत्ता बसल्या जागेवरून हाक मारली. पोरी, झाकणाला हात लावू नकोस बरं. मी कुऱ्हाड इथे घेऊन बसलेय.

प्रेमाने म्हणाली. ये, जेवून घे, म्हणाली.

ठोकणं थांबलं.

नाही, आलं. एक.

त्याने तिला मारलं, ब्रुना. अठरा भोकं. हसली म्हणून. मला सगळं ठाऊक आहे. तू काय म्हणशील तेही ठाऊक आहे. म्हणशील, मूर्ख मुली, होडीत बस. कोणासाठी? अशा माणसासाठी? तुला कोणी विचारलंय का?

विचारतोय. ऐक ना. विचारतोय तो.

झाकणाला दोन कड्या आहेत. दोन्ही वर ओढल्या की उघडतं, रोज बघितलंय. स्वयंपाकघराच्या दारापासून कालवा बारा पावलं. ती साठीची. नुल्लोला पाय नाहीत. पण हात—

वही खिडकीत ठेवते. कोणी आलं तर.

तू बोलायच्या आत मी चालले, खाली, आत्ताच, कड्या वर ओढून त्याला